मुराळी कोण आला होता

आमच्या समितीच्या बैठकीत आधी समोसे येतात, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी माणसं. समोसे गार व्हायच्या आत सह्या झाल्या पाहिजेत, असा तिथला न लिहिलेला नियम आहे.

समिती म्हणजे धुळ्यातल्या एका रुग्णालयाची नीतिमत्ता समिती. माणसांवर नवं औषध किंवा नवी लस तपासून बघायची असेल तर आधी या समितीची परवानगी लागते. समितीत डॉक्टर असतात, एक वकील असतो, आणि कायद्यानेच एक असा माणूस ठेवावा लागतो की जो यांतला कोणीच नाही. नियमात त्याला ‘सामान्य व्यक्ती’ म्हणतात. ती मी. देवपूरच्या एका मुलींच्या शाळेत माझी हयात गेली, शेवटी मुख्याध्यापिका झाले. निवृत्तीनंतर कोणीतरी माझं नाव सुचवलं. म्हातारी आहे, जवळच राहते, फार बोलणार नाही, असा विचार केला असावा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

डॉक्टर पियुषने गरोदर बायकांच्या लसीचा अभ्यास याच समितीपुढे आणला. पियुष धुळ्याचाच. त्याची आई माझ्याकडे शिकली. गणितात कच्ची, पण ऐकून घेणारी. पोरगा गणितात पक्का निघाला आणि ऐकून घेणं आईकडेच राहिलं.

अभ्यास समजायला सोपा होता. सातव्या महिन्यात आईला सुई टोचायची. आईच्या रक्तातून बाळाला बळ मिळतं आणि जन्मल्यावर पहिले काही महिने छातीच्या आजारापासून त्याचा बचाव होतो, असा अंदाज. निम्म्या बायकांना खरी लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते बाईलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. ती माहिती दुसऱ्या शहरात कुलुपात. मग बाळ वर्षाचं होईपर्यंत विचारत राहायचं, आई कशी आहे, बाळ कसं आहे, काही बिघडलं का. लस कामाची आहे का हे तर बघायचंच, पण त्याआधी ती घातक नाही ना, हे बघायचं.

मी मोठ्या आनंदाने सही केली होती. आमच्या आईची दोन लेकरं छातीत कफ भरून गेली. एक माझ्या आधीचं, एक माझ्या नंतरचं. नंतरचं मला आठवतं. चुलीजवळ आई त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्या छातीचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू यायचा. पुढे कोणी विचारलं, मुलं किती, तर आई जिवंत होती तेवढीच सांगायची. गेलेल्यांचं नाव नाही. सगळ्याच बायका तसंच सांगायच्या. त्या काळच्या बायकांवर माझा राग नाही. त्यांना विचारणारीही आत्या नाही तर शेजारीण असायची, डॉक्टर नव्हे.

या चैत्रात मी पिंपळनेरला गेले. माझा भाचा वना तिथे शेती करतो, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. त्याची लेक हेमलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाचं बारसं होतं. सासर चाळीसगावचं, कापसाच्या व्यापाऱ्याचं घर. बारसं फार लांबलं होतं. का लांबलं ते पत्रिकेत कोण लिहितं.

पाळण्यात बघितलं तर मूठभर पोर. टोपीच त्याच्या तोंडापेक्षा मोठी.

“किती दिवस आधी झाला?” मी वनाच्या बायकोला, यशोदाबाईला विचारलं.

“महिनाभर आधी, आत्या.” ती हळूच म्हणाली. “धुळ्याला काचेच्या पेटीत होता. श्वासच धरत नव्हता. आता बेस शे.”

वनाने लगेच विषय बदलला. “आत्या, तू मांडा खाय. खापरवरना शेतस, थंडा व्हई जातीन.”

बायका पांगल्या तेव्हा हेमलता माझ्याजवळ येऊन बसली. ही मुलगी बी.एस्सी. झालेली, लहानपणापासून मला आत्याआजी म्हणते आणि कधी खोटं बोलत नाही, म्हणून माझी लाडकी.

“आत्याआजी, मी चाळीसगावला त्या लसीच्या अभ्यासात नाव दिलं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांच्या.”

मला हे माहीत नव्हतं. “मग बाळाचं त्यांना कळवलंस?”

“माझा फोन बाळंतपणात फुटला. त्यांच्याकडे घरचा नंबर आहे, सासूबाईंचा. त्यांना फोन आला होता.”

“काय सांगितलं त्यांनी?”

“बठ्ठं बेस शे. सगळं ठीक आहे म्हणे.” हेमलताने सासूची नक्कल फार चांगली केली, पण हसली नाही. “बाळ तेव्हा पेटीत होतं. त्यांना माहीत होतं. परक्या माणसाला फोनवर घरचं दुखणं कशाला सांगायचं, म्हणाल्या. आणि मला म्हणतात, आमना घरमा आजलोंग असं अपुरं पोर कोनं नई व्हयनं.”

मी पाळण्याला हलका झोका दिला.

“मला एवढंच कळू दे,” ती म्हणाली. “त्या सुईने झालं, की माझ्यातच काही खोट आहे. दुसरं मूल होऊ द्यायचं की नाही ते मी त्यावरच ठरवणार. आणि तोवर मी तिकडे कोणत्या तोंडाने जाऊ?”

“ते सगळी बाळं मोजली तरच कळेल,” मी म्हणाले.

“मग माझं मोजलं का?”

ते मोजलं नव्हतं. हे मला दोन आठवड्यांनी समितीच्या बैठकीत कळलं, समोशांच्या वासात.

पियुषने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. बाळांच्या बाबतीत गंभीर घटना अगदी थोड्या, इतक्या थोड्या की त्याला स्वतःलाच त्याचं कौतुक वाटत होतं. “आणि फोनवरचा पाठपुरावा उत्तम,” तो म्हणाला. “जवळजवळ प्रत्येक घरून उत्तर आलं.”

आमचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत, सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. ते मान डोलवत होते. ते सगळ्यालाच मान डोलवतात, पंख्यालासुद्धा.

“कोणाच्या घरून?” मी विचारलं.

“पेशंटच्या घरून, बाई.”

“पहिलटकरणीचं घर बाळंतपणात कुठं असतं?”

वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “बाई, हे कोडी घालायचं ठिकाण आहे का?”

“कोडं नाही. धुळे-जळगावात कुठल्याही शाळकरी पोरीला विचारा. सातव्या महिन्यानंतर माहेरचा मुराळी येतो आणि पोरीला घेऊन जातो. तुम्ही फोन केले सासरी. ज्या सासूने नातू अजून डोळ्यांनी पाहिला नाही, तिला तुम्ही विचारलं, नातू कसा आहे. ती काय सांगणार?”

“लोक खोटं का सांगतील?” आबासाहेब म्हणाले. चाळीस वर्षं कॉलेजात काढून माणूस हा प्रश्न विचारतो.

मग मी हेमलताचं सांगितलं. तिने परवानगी दिली होती. पियुषचा चेहरा उतरला, पण आबासाहेबांचा उजळला. त्यांना वाट सापडली होती.

“म्हणजे या अभ्यासात तुमची नातेवाईक आहे,” ते म्हणाले. “नियमाप्रमाणे अशा सदस्याने या विषयापुरतं बाहेर बसायचं असतं. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कशाचं? नियम चांगलाच आहे.” मी पर्स उचलली. “नियमात पुढचं वाक्यही आहे. सामान्य व्यक्ती हजर नसेल तर गणसंख्या पुरी होत नाही आणि तो विषय मंजूर करता येत नाही. मी पायरीवर बसते. तुम्ही समोसे खा.”

वकिलांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मी बाहेर येऊन बसले. बराच वेळ आतून बोलण्याचा आवाज येत होता, मग नुसता बशांचा. विषय पुढच्या बैठकीवर गेला, असं शिपायाने येऊन सांगितलं आणि माझा समोसाही आणून दिला. गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी पियुष माझ्या घरी आला. सोफ्याच्या कडेवर बसला.

“बाई, तुम्ही माझी तीन वर्षांची मेहनत अडवली.”

“तुझी बायको कुठे आहे?”

“माहेरी. अमळनेरला. आखाजीसाठी लवकर गेली.” त्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं. “का?”

“आणि बाळ?”

“तेही तिच्याबरोबर.”

“तुझ्या आईला फोन लाव. विचार, बाळ कसं आहे.”

तो पोरगा माझ्यासमोर कधी वर्गात बसला नाही, पण त्या क्षणी बसल्यासारखा दिसला. त्याने फोन लावला, आवाज मोठा केला. त्याची आई म्हणाली, “मस्त आहे रे बाळ. मजेत आहे. कालच बोलले मी.”

“आता बायकोला लाव.”

बायकोने फोन घेतला. मागे पोर किरकिरत होतं. “ताप आहे परवापासून,” ती म्हणाली. “इथल्या डॉक्टरांकडे नेलंय. आईंना बोलू नका हं. त्या म्हणतील, माहेरी नेलं आणि आजारी पाडलं.”

पियुषने फोन खिशात घातला. मी चहा टाकायला आत गेले. लाज आवरायला माणसाला थोडा वेळ द्यावा, तेवढी शिक्षिका मी अजून आहे. पण कीव आली नाही. तो परदेशातून आलेला असता तर आली असती. हा इथेच वाढला, याच्या आईला न्यायला याच्या मामाच्या बैलगाड्या आलेल्या मी पाहिल्या आहेत. शिकून माणसं नवीन काही शिकतात हे मला मान्य आहे. पण घरातलं माहीत असलेलं विसरायला इतकी वर्षं कॉलेजात जावं लागतं, हे मला या वयात समजलं.

“माहेरचे नंबर सासरचे देत नाहीत,” चहा घेता घेता तो म्हणाला. “आमच्या फोन करणाऱ्या मुलींनी मागून बघितले काही ठिकाणी. म्हणतात, तिकडे कशाला, आम्ही सांगतो ना.”

“बाळाचं विचारू नका. विचारा, मुराळी कोण आला होता.”

“त्याने काय होणार?”

“करून तर बघ.”

झालं असं की सगळ्या सासवा बोलायला लागल्या. दुखण्याचं विचारलं की दार बंद, पण मुराळ्याचं विचारलं की धरण फुटल्यासारखं. फोन करणाऱ्या पुनमने मला ते सगळं ऐकवलं. भाऊ आला होता, सायगव्हाणचा, पण हात हलवत आला, साधी मिठाई नाही. बाप आला होता, साक्रीकडचा, फटफटीवर गरोदर पोरीला नेली, कळत नाही का. मामा आला होता, आणि जेवायला बसला तो उठेचना. नाव, गाव, कोणाचा कोण, सगळं बाहेर आलं. या बायकांनी सहा महिने नातवाचा ताप दडवला आणि व्याह्याची मिठाई मात्र तोळ्याने मोजून सांगितली. त्यांच्या या मापाबद्दल मला काय वाटतं ते लिहिलं तर शाळेची बदनामी होईल, कारण त्यांतल्या काही माझ्याच विद्यार्थिनी.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होतीच. खान्देशात त्या दिवशी लेक सासरी राहत नाही. ज्या परत गेल्या होत्या त्याही बाळं घेऊन पुन्हा माहेरी आल्या. पियुषची माणसं गाड्या करून गावोगाव गेली. एका गाडीत मीही बसले, पिंपळनेरच्या बाजूच्या. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायची हिंमतही कोणी केली नाही. मी कागदाला हात लावणार नाही आणि कोणाला काही विचारणार नाही, एवढं कबूल करून बसले.

आमच्या लहानपणी आखाजीला गावाबाहेरच्या निंबाला इतके झोके असायचे की झाड दिसायचं नाही. आम्ही उभ्याने झोका चढवायचो, खाली गौराई, आंब्याच्या फोडी, आणि दिवसभर गाणी. मला वाटलं होतं आता ते राहिलं नसेल. झोके होते. दोराऐवजी नायलॉन, गाण्याऐवजी स्पीकर, पण पोरी त्याच. माहेरी आल्यावर पोरींचा आवाज बदलतो. सासरी जी गळ्यात बोलते ती इथे पोटातून बोलते. दारात नर्स दिसली की त्या स्वतःहून सांगायच्या. माझा पिवळा झाला होता, दिव्याखाली ठेवलं होतं. माझी आठव्यातच झाली. माझ्या बाळाला फिट आली होती, एकदाच, कोणाला सांगितलं नाही. नर्स टिपून घेत होत्या.

साक्रीच्या पुढे एका गावी झोक्यावर एक मुलगी एकटी बसली होती. झोका हलत नव्हता. बाकीच्या पोरींच्या कडेवर लेकरं होती, हिच्या मांडीवर काही नव्हतं. नर्सने नाव विचारलं. नाव अभ्यासातलंच होतं. तिच्या सासरहून दोनदा उत्तर आलेलं होतं, बठ्ठं बेस शे.

पियुष तिच्यासमोर जमिनीवर बसला, पँट मळेल याचा विचार न करता. खूप वेळ बसला. मी गाडीतच राहिले. तिने त्याला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. परतताना त्याने फक्त एवढंच म्हटलं, “बाई, माझ्या चित्रात ही मुलगी हिरव्या रंगात होती.”

“आता कोणत्या रंगात घालशील?”

“लाल.”

“मग घाल,” मी म्हणाले.

पुढच्या बैठकीत मंजुरीचा विषय नव्हता, नुसते आकडे ऐकायचे होते, म्हणून मलाही आत बसू दिलं. चित्रं पूर्वीइतकी सुंदर नव्हती. गंभीर घटना कितीतरी वाढल्या होत्या. आबासाहेब घाबरले. आता अभ्यास बंद पडणार, रुग्णालयाचं नाव जाणार, वर्तमानपत्रवाले येणार, असं ते म्हणत राहिले. खरी संख्या बघून घाबरणारा आणि खोटी बघून मान डोलवणारा माणूस ज्ञानदान करून निवृत्त होतो आणि त्याला आपण हार घालतो. नवी आकडेवारी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडे गेली. त्यांच्याकडेच त्या कुलपाची किल्ली होती.

उत्तर श्रावणात आलं. दिवस भरायच्या आधी झालेली बाळं लसवाल्यांत आणि मिठाच्या पाण्यावाल्यांत जवळपास सारखी होती. बाकीची दुखणीही दोन्हीकडे सारखीच. लसीने जास्त काही घडलं असं दिसत नाही. अभ्यास चालू ठेवा, आणि आता विचारायचं ते माहेरीच विचारा. पियुषने ते मला फोन करून सांगितलं. मी म्हटलं, हेमलताला तू स्वतः सांग, ते माझं काम नाही. त्याने सांगितलं, पण पोरीला ते पुन्हा माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

तोवर ती चाळीसगावला परत गेली होती. बाळाला श्वासाचा त्रास राहिला नव्हता आणि नवरा दोनदा येऊन विनवून गेला होता. दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले. तिची सासू कुंदाबाई दारातच उभी होती, अंगावर एवढे दागिने की बसताना आवाज झाला.

“या आक्का, बसा. पोऱ्या पाहा आमना, कसा गोळामोळा व्हयना.”

पोर खरंच अंगाने भरलं होतं. हेमलता चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली.

“आत्याआजी, म्हणजे सुईने नाही ना?”

“सुईने झालं असं दिसत नाही. तुला लस मिळाली की पाणी, ते अजून कुलुपातच आहे. पण दोन्हीकडच्या पोरी सारख्याच लवकर बाळंत झाल्या.”

“पुष्कळ?”

“पुष्कळ. या तालुक्यात, तुमच्या या गल्लीतसुद्धा असतील. कोणी सांगत नाही एवढंच.”

“म्हणजे मी एकटी नाही,” ती म्हणाली.

कुंदाबाई मधेच बोलली. “जाऊ द्या आक्का, झायं गयं. आमना घरमा तसं कधी व्हयनं नई, म्हनून मी बोलनू.”

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या मनात पुष्कळ होतं. पण मी पाहुणी होते, आणि चहा गरम होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला. पलीकडून पुनमचा आवाज मला ओळखू आला; वर्ष भरत आलं होतं, विचारपूस चालूच होती, आणि पोरगी सासरी परतली म्हणून पुन्हा याच नंबरवर. हेमलताचं नाव विचारलं, बाळाचं विचारलं. बाळ हेमलताच्या मांडीवर खोकत होतं, लहान, कोरडा खोकला.

“बठ्ठं बेस शे,” कुंदाबाई म्हणाली. “पोऱ्या बी बेस, बाई बी बेस.”

हेमलताने हात पुढे केला.

सासूने फोन दिला नाही. “मी सांगी दिधं ना.”

हेमलताने हात मागे घेतला नाही. बाळ पुन्हा खोकलं. शेवटी कुंदाबाईने फोन तिच्या हातात ठेवला, नाइलाजाने, जसं मागणाऱ्याला काहीतरी टाकावं तसा.

“खोकला आहे,” हेमलता म्हणाली. “परवापासून. ताप नाही. दूध पितोय. आणि ताई, आता माझाच नंबर लिहून घ्या. नवीन घेतलाय.”

“आत्ते जगले सांगशी,” कुंदाबाई पुटपुटली.

“हो, साऱ्या जगाला,” हेमलता म्हणाली, आणि नंबर सांगायला लागली.